ग्रीसचा ईस्टर अनुभवायचा असेल तर: तारीख, गाव आणि आठवड्याचा बेत

ग्रीक माणसाला त्याच्या देशातला सर्वांत मोठा सण कोणता असे विचारले, तर तो नाताळाचे नाव घेणार नाही. तो 'पास्खा' म्हणेल, म्हणजे ईस्टर. अथेन्समध्ये नोकरी करणारी माणसे या आठवड्यात आपापल्या गावी निघतात, बोटींची आणि बसगाड्यांची तिकिटे संपतात, राजधानीचे रस्ते मोकळे पडतात आणि डोंगरांतल्या व बेटांवरच्या ज्या घरांना एरवी कुलूप असते त्यांच्या खिडक्या उघडतात. गणपतीत मुंबईहून कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. हा देश केवळ पाहायचा नसून समजूनही घ्यायचा असेल, तर ऑगस्टमधल्या समुद्रकिनाऱ्यापेक्षा हा आठवडा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीच्या आगेमागे येतो, ही आणखी एक सोय.

आधी तारीख नीट काढावी

पहिली चूक बहुधा इथेच होते. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात गुड फ्रायडेची जी सुट्टी छापलेली असते, ती पाश्चात्त्य चर्चच्या गणिताप्रमाणे असते. वसईत किंवा गोव्यात ईस्टर साजरा होतो तोही त्याच दिवशी. ग्रीसमधले बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असून त्यांच्या चर्चचा ईस्टर अनेकदा एक ते पाच आठवडे उशिरा येतो. 2027 साली पाश्चात्त्य ईस्टर 28 मार्चला आहे, तर ग्रीसचा 2 मे रोजी. 2028 साली दोन्ही 16 एप्रिललाच आहेत, आणि 2029 साली ग्रीसचा ईस्टर 8 एप्रिलला, म्हणजे पाश्चात्त्य ईस्टरनंतर बरोबर एका आठवड्याने आहे.

हा फरक का पडतो, ते पंचांगाची सवय असलेल्या वाचकाला चटकन कळेल. इ.स. 325 मधल्या निकाया येथील धर्मपरिषदेनंतर रूढ झालेला नियम असा की, 21 मार्चच्या वसंतसंपातानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार हा ईस्टर. ऑर्थोडॉक्स चर्च ही 21 मार्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली धरते, आणि ती आजच्या कॅलेंडरात 3 एप्रिलला पडते. शिवाय त्यांची पौर्णिमा आकाशात पाहून ठरत नाही, तर जुन्या कोष्टकावरून काढली जाते, आणि ते कोष्टक आता खऱ्या चंद्राच्या चार-पाच दिवस मागे पडले आहे. त्यामुळे आपल्या चैत्र पौर्णिमेवरून अंदाज बांधायला गेल्यास एखाद्या आठवड्याने फसगत होऊ शकते. ग्रीस देशाने 1923 मध्ये ग्रेगरियन कॅलेंडर स्वीकारले आणि तिथल्या चर्चने नाताळासारखे ठरावीक तारखांचे सण पुढच्याच वर्षी नव्या कॅलेंडरावर आणले, पण ईस्टर मात्र जुन्या गणितावरच ठेवला. ग्रीसमधले कॅथलिक लोकही हा सण आता शेजाऱ्यांबरोबर ऑर्थोडॉक्स तारखेलाच करतात.

तारीख पक्की झाली की तिकिटांकडे वळावे. ग्रीस शेंगेन देशांपैकी असल्याने व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तो किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळणेच अवघड होते, म्हणून पंधरा दिवसांच्या मर्यादेवर विसंबून राहू नये. विमानाच्या तिकिटाबरोबरच अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सुटणाऱ्या बोटीचे तिकीटही काढून ठेवावे. गुड फ्रायडेला आणि ईस्टरच्या रविवारी बोटींच्या व बसच्या फेऱ्या कमी असतात, हे ध्यानात ठेवून आपल्या मुक्कामी बुधवारपर्यंत पोहोचावे.

एकच गाव निवडावे

ग्रीसचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 32 हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. परंतु त्यातला बहुतेक भाग डोंगराळ आहे, आणि हजारो लहानमोठ्या बेटांपैकी दोनशेहून अधिक बेटांवर वस्ती आहे. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात किंवा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणे शतकानुशतके कष्टाचे होते, त्यामुळे सणाचा धार्मिक विधी सगळीकडे एकच असला तरी त्याभोवतीच्या चाली गावागणिक बदलतात. आठवड्याभरात तीन बेटे 'करण्याचा' बेत आखणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागत नाही. बुधवार ते सोमवार एकाच गावात राहावे, म्हणजे शुक्रवारी मिरवणुकीत शेजारी चालणारी आजी रविवारी आपल्याला ओळखते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी कोर्फू सुचवेन. आयोनियन समुद्रातले हे बेट 1386 ते 1797 अशी चार शतके व्हेनिसच्या सत्तेखाली होते आणि त्याची छाप तिथल्या इमारतींइतकीच तिथल्या संगीतावरही आहे. गावातली जुनी फिलहार्मोनिक संस्था 1840 मधली आहे. तिचे आणि इतर संस्थांचे वादक गणवेश घालून, पितळी वाद्ये घेऊन गुड फ्रायडेच्या मिरवणुकींबरोबर शोकसंगीत वाजवत संथ पावलांनी चालतात. प्रत्येक चर्चची मिरवणूक आपापल्या वेळेला निघत असल्याने दुपारपासून रात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या गल्लीतून सूर येतच राहतात. शनिवारी सकाळी संत स्पिरिडॉन यांचे अवशेष मिरवले जातात आणि बरोबर अकरा वाजता, पहिल्या पुनरुत्थानाची, म्हणजे ख्रिस्त उठल्याच्या पहिल्या घोषणेची, घंटा होताच, लाल कापडांनी सजवलेल्या सज्जांतून लोक पाण्याने भरलेली मातीची मडकी खाली रस्त्यावर आदळतात. या मडक्यांना 'बोटिदेस' म्हणतात. मराठी माणसाला दहीहंडी आठवणे साहजिक आहे, पण इथे माणूस मडक्याकडे चढत नाही, मडकेच माणसाकडे येते. तेव्हा सज्जाखाली उभे न राहता स्पियानादा चौकाच्या मोकळ्या बाजूला, आखून दिलेल्या दोरीच्या अलीकडे जागा धरावी, आणि ती दहाच्या आधी धरावी. फुटलेली खापरी शुभ म्हणून घरी नेण्याची रीत आहे. गर्दी लोटते ती मडक्यांसाठी. मला विचाराल तर शुक्रवारची संध्याकाळ अधिक मोलाची आहे.

गर्दी नको असेल तर दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचे लिओनिदिओ पाहावे, तिथे शनिवारी मध्यरात्री कागदी आकाशकंदील शेकड्यांनी वर सोडतात. पात्मोस बेटावर 1088 साली स्थापन झालेला संत जॉनचा मठ आहे आणि तिथे गुरुवारी मठाधिपती बारा धर्मगुरूंचे पाय धुण्याचा विधी चौकात, सर्वांसमोर करतात. मोटारींना बंदी असलेल्या हायड्रा बेटावर कामिनी इथली शुक्रवारची पालखी, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचे वस्त्र ठेवलेला फुलांनी सजवलेला चौथरा, खांदेकरी थेट समुद्राच्या पाण्यात नेतात. खियोस बेटावरच्या व्रोंतादोस गावात दोन चर्चचे लोक एकमेकांच्या घंटाघरांवर घरी बनवलेले अग्निबाण सोडतात, असे वाचून मन ओढ घेते खरे. पण तिथे भाजण्याचा धोका खरोखरीचा आहे आणि काही वर्षी हा प्रकार बंदही ठेवला गेला आहे, त्यामुळे लहान मुले बरोबर असल्यास त्या वाटेला जाऊ नये.

उपवासाच्या दिवसांत काय खावे

ईस्टरच्या 48 दिवस आधी येणाऱ्या 'स्वच्छ सोमवारी' मोठा उपवास सुरू होतो. त्या दिवशी लोक टेकड्यांवर पतंग उडवतात आणि 'लागाना' नावाची तीळ लावलेली चपटी पोळीवजा भाकरी खातात. तीळ आणि पतंग एकाच दिवशी पाहून संक्रांत आठवली नाही तरच नवल. त्यानंतर मांस, अंडी, दूध-दुभते आणि काटेवाले मासे वर्ज्य असतात. अर्थात आजचा प्रत्येक ग्रीक माणूस पूर्ण उपवास करतोच असे नाही, पण शेवटच्या आठवड्यात बरेचसे लोक पाळतात आणि खाणावळींत उपवासाचे पदार्थ सहज मिळतात.

शाकाहारी मराठी प्रवाशासाठी ही मोठीच सोय आहे. 'निस्तीसिमा', म्हणजे उपवासाचे पदार्थ, असे म्हणून मागितल्यास पांढऱ्या घेवड्याची 'फासोलादा' आमटी, टोमॅटोत भाजलेले मोठे वाल, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, लिंबू-तेल घातलेली उकडलेली रानभाजी आणि तिळाचा हलवा समोर येतो. एक मेख मात्र लक्षात ठेवावी: ज्यांना रक्त नाही असे समुद्री जीव ग्रीक उपवासाला चालतात, त्यामुळे माकूळ, ऑक्टोपस, कोळंबी आणि माशांच्या अंड्यांचे 'तारामोसालाता' हे सगळे उपवासाचेच खाणे समजले जाते. आपल्याला साबुदाण्याची बटाट्याशी सांगड जितकी नैसर्गिक वाटते, तितकीच त्यांना माकुळाची उपवासाशी वाटते. तेव्हा 'ईमे होर्तोफागोस', म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करून ठेवावे आणि 'होरिस थालासिना', म्हणजे समुद्री जीवांशिवाय, हे शब्द त्याला जोडावेत. होकारार्थी ग्रीक शब्द 'ने' असा आहे, तो नकार समजून ताट परत पाठवू नये. नकाराला 'ओखी' म्हणतात, आणि पुष्कळदा तोंडाने काहीही न बोलता फक्त भुवया व हनुवटी वर उचलतात.

आठवड्याचा क्रम

सोमवार ते बुधवार रोज संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते. मंगळवारी संध्याकाळी नवव्या शतकातल्या कासियानी या जोगीण कवयित्रीचे स्तोत्र गायले जाते आणि ते ऐकण्यासाठी एरवी चर्चकडे न फिरकणारे लोकही येतात.

गुरुवार हा घरातल्या कामाचा दिवस. सकाळी अंडी लाल रंगवतात आणि 'त्सुरेकी' हा वेणीसारखा गुंफलेला गोड पाव भाजतात; त्यात चेरीच्या बियांतल्या गराची पूड आणि खियोसच्या झाडांचा मस्तिखा हा सुगंधी डिंक घालतात, आणि त्या वासाने गल्ली भरून जाते. अंडी रंगवायला बाजारात लाल पूड मिळते, पण जुनी पद्धत कांद्याच्या सालींची आहे आणि ती घरीही करून पाहण्यासारखी आहे. साधारण पंधरा कांद्यांच्या कोरड्या साली लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळाव्यात, पाणी गाळून निवू द्यावे, त्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून अंडी मंद आचेवर उकडावीत आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यावीत. अंडी फ्रीजमधून थेट काढून घालू नयेत, तडकतात. उकडण्यापूर्वी अंड्यावर कोथिंबिरीचे एखादे पान ठेवून वरून जुन्या पायमोज्याचा पातळ तुकडा ताणून बांधला, तर पानाची फिकट नक्षी उमटते. वाळल्यावर ऑलिव्ह तेलाचा बोळा फिरवला की विटकरी लाल रंग तकतकीत दिसतो.

गुरुवारी संध्याकाळी बारा शुभवर्तमान-पाठांची लांबलचक प्रार्थना होते, आणि ती संपल्यावर गावातल्या बायका व मुली चर्चमध्येच थांबून 'एपिताफिओस' सजवायला बसतात. हा एपिताफिओस म्हणजे ख्रिस्ताचा देह भरतकामात दाखवलेले वस्त्र, आणि ते ज्या नक्षीदार लाकडी चौथऱ्यावर ठेवतात त्यालाही बोलीत तेच नाव आहे. टोपल्यांतून गुलाब आणि लिंबाची फुले येतात. कुणी देठ खुडते, कुणी तारेत ओवते, कुणी हळू आवाजात विलापगीते म्हणते, आणि पहाटेपर्यंत मूळ लाकूड दिसेनासे होते. परक्या बाईने दारात उभे राहून विचारले, तर बहुधा तिच्याही हातात फुलांची जुडी ठेवली जाते. मला वाटते, सबंध आठवड्यातली ही सर्वांत सुंदर जागा आहे, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो.

शुक्रवारी ध्वज अर्ध्यावर उतरलेले असतात आणि घंटा दिवसभर थांबून थांबून वाजते. घरोघरी मसुराची आमटी, तीही तेलाशिवाय, व्हिनेगर घालून. रात्री नऊच्या सुमारास ती फुलांची पालखी चर्चबाहेर निघते. तपकिरी-पिवळ्या मेणाची बारीक मेणबत्ती विकत घेऊन मिरवणुकीच्या मागे सामील व्हावे. कडेला उभे राहून मोबाइलवर चित्रण करत बसण्यापेक्षा चालणे बरे. वाटेतल्या सज्जांत लोक धुपाटणी घेऊन उभे असतात. पालखी परत आल्यावर ती दारात उंच धरतात आणि सगळे तिच्याखालून वाकून आत जातात. आपल्याकडेही पालखीखालून जाण्याची प्रथा असल्याने मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही.

शनिवारी रात्री अकराच्या आधी चर्चच्या आवारात पोहोचावे. या वेळी मेणबत्ती पांढरी असते; तिला 'लांबादा' म्हणतात, आणि मुलांना ती त्यांच्या धर्ममातेकडून किंवा धर्मपित्याकडून सजवून मिळते. वितळते मेण हातावर ओघळू नये म्हणून तिच्याभोवती बसवायची प्लॅस्टिकची वाटी बाहेरच विकायला असते, ती जरूर घ्यावी. बाराच्या थोडे आधी सगळे दिवे मालवतात. जेरुसलेमहून त्याच संध्याकाळी विमानाने अथेन्सला आणलेली ज्योत पुढे देशभर पाठवलेली असते. धर्मगुरू ती ज्योत घेऊन बाहेर येतात, आणि एका वातीपासून दुसरी अशी ती क्षणार्धात अंगणभर पसरते. बाराला 'ख्रिस्तोस अनेस्ती', म्हणजे ख्रिस्त उठला, हे गीत सुरू होते, घंटा वाजतात आणि फटाके फुटतात. शेजारच्याने हे शब्द म्हटले की 'अलिथोस अनेस्ती', खरोखरच उठला, असे उत्तर द्यावे. त्याआधीच्या दोन दिवसांत शुभेच्छा द्यायची असेल तर 'काली अनास्तासी' म्हणावे. शोकाच्या शुक्रवारी 'ईस्टरच्या शुभेच्छा' देणे विचित्र दिसते.

त्यानंतर बहुतेक लोक ज्योत विझू न देता घराकडे निघतात, मोटारीतसुद्धा पेटती मेणबत्ती हातात धरून बसतात, आणि घराच्या चौकटीवर तिच्या काजळीने क्रूस काढतात. आत टेबलावर 'मागिरित्सा' तयार असते: कोकराचे काळीज-आतडी, शेपू आणि लेट्यूस यांचे लिंबू-अंड्याने दाट केलेले सूप. शाकाहाऱ्याने आधी सांगून ठेवल्यास मशरूमचे सूपही करतात. मग अंड्यांची लढत, 'त्सुग्रिस्मा'. अंडे मुठीत असे धरावे की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून फक्त टोक दिसेल. टोकावर टोक आपटायचे, ज्याचे फुटले तो हरला, आणि जिंकणारा तेच अंडे घेऊन पुढच्याकडे वळतो. शेवटपर्यंत ज्याचे शाबूत राहील त्याचे वर्ष चांगले जाते म्हणतात. लाकडाचे रंगवलेले अंडे खिशात घेऊन येणारा एखादा काका प्रत्येक गावात असतोच.

चर्चमध्ये वागताना

चपला बाहेर काढायच्या नाहीत. आपला पाय उंबऱ्याशी आपोआप अडखळतो, पण तिथे अनवाणी जाणेच चमत्कारिक दिसते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. काही मठांत स्त्रियांना पॅंटवरून नेसायला कापड देतात. प्रवेशाशी पेटीत नाणे टाकून बारीक मेणबत्ती घ्यावी, पेटवावी आणि वाळूच्या परातीत खोचावी; एवढे कोणीही करू शकतो. प्रसाद वाटावा तसे पाव-द्राक्षारसाचे वाटप दिसले म्हणून रांगेत उभे राहू नये, तो संस्कार बाप्तिस्मा झालेल्या ऑर्थोडॉक्सांसाठीच असतो. वेदीपुढे संतांची चित्रे लावलेली जी भिंत असते तिच्या मागचा भाग गाभाऱ्यासारखा समजावा. आणि पाच हा आकडा दाखवताना उघडा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरू नये. ग्रीसमध्ये ती शिवी आहे.

रविवार, आणि परतताना

रविवारी सकाळपासून मुख्य भूमीवरच्या अंगणांतून धूर निघू लागतो. अख्खे कोकरू सळईवर बांधून निखाऱ्यांवर चार-पाच तास फिरवतात, आणि लिंबू-तेलात बुडवलेल्या ओरेगानोच्या जुडीने त्याला वारंवार पुसतात. अनेक बेटांवर मात्र सळई नसते. तिथे भात भरलेले कोकरू भट्टीत घालतात. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून बोलावणे ही रीतच आहे, आणि नकार दिला तर वाईट वाटते. मांस खात नसल्यास ब्रेड, चीज, कोशिंबीर आणि लाल अंडे किंवा निदान वाइनचा पेला घेऊन पाच मिनिटे बसावे. कोणी ठरवून बोलावले असेल तर मिठाईच्या दुकानातून खोका घेऊन जावा. संध्याकाळी चर्चमध्ये एक छोटी प्रार्थना असते, तीत पुनरुत्थानाचा उतारा जितक्या भाषांत वाचणारे मिळतील तितक्या भाषांत वाचतात.

सोमवारीही सुट्टी असते आणि त्याच संध्याकाळी अख्खा देश अथेन्सकडे परततो, म्हणून आपले परतीचे तिकीट मंगळवारचे किंवा बुधवारचे काढावे. निघताना घरमालकीण त्सुरेकीचा तुकडा आणि दोन-तीन अंडी पिशवीत घालेल. अंडी बोटीतच खाऊन टाकावीत; त्सुरेकी नीट गुंडाळला तर मुंबईपर्यंत टिकतो.